सातबारा नसलेल्या आईचा जामीन

शहाणे म्हणतात, पोरांच्या कोर्टात खर्च कसला? सगळं फुकट.

मग माझा हिशेब ऐका.

माझा धाकटा भाऊ पंधराचा. जत तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरीच्या मोटारीची केबल चोरीला गेली. चोर हुडकायला पोलीस कुठं येणार? आमच्याच वस्तीत. भावाला उचलला. सांगलीत वकिलानं पहिलाच सवाल टाकला, "सातबारा हाय का? जामीनदाराला ऐपत लागती." आई म्हणाली, "सायेब, रान असतं तर पोरगं दुसऱ्याच्या विहिरीवर राबायला कशाला गेलं असतं?"

वकिलाचे पाच हजार, व्याजानं काढलेले. सूतगिरणीत माझ्या चार पाळ्या बुडाल्या. आईची मजुरी बुडाली. एस.टी.चं भाडं वेगळं. भाऊ अकरा दिवस निरीक्षणगृहात. चोरी सिद्ध व्हायची होती अजून. तो आत होता ते सातबारा नाही म्हणून.

कायदा काय म्हणतो? मी रात्रपाळी करून वाचला. २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम १२ : जामीनदार घेऊन किंवा जामीनदाराविना पोराला सोडा. अटी सात दिवसांत पुऱ्या झाल्या नाहीत तर त्याला मंडळापुढं आणा, अटी बदला. १९८७ चा विधी सेवा कायदा : अनुसूचित जातीला, बाईला, पोराला वकील फुकट. माझा भाऊ त्यात दोनदा बसतो, जातीनं अन् वयानं. हे आम्हाला कुणी सांगितलं? कुणीच नाही.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरात पोर्शे गाडीच्या धडकेत दोघं मेली. सतरा वर्षांच्या पोराला त्याच दिवशी जामीन, अटींत तीनशे शब्दांचा निबंध. लोक खवळले तेव्हा निरीक्षणगृह. २५ जूनला हायकोर्टानं कायदा वाचून सोडला. त्याला कोंडा असं मी म्हणत नाही. तोच कायदा माझ्या भावाला वाचून दाखवा, एवढंच म्हणतो.

म्हणून मागण्या. बिनजमीनवाल्याच्या पोराला जामीनदार मागू नका. कलम १८ नं दंड आईबापावर टाकता येतो, तो मजुराच्या घरावर टाकू नका. तारखेचं भाडं अन् बुडालेली मजुरी सरकारनं द्यावी.

आणि दोस्तांनो, आपलं काय? जयंतीला वर्गणी फाडता, मिरवणुकीत नाचता. वस्तीतलं पोरगं उचललं की चौकीवर किती जण जाता? सातारा-सांगलीच्या प्रत्येक तालुक्यात दोन जणांनी तरी ही कलमं पाठ करा. चौकीवर जा. मंडळात जा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या दारात बसा, अर्ज लिहून द्या.

७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजीचं नाव चढलं. आमच्या पोरांची नावं सातबाऱ्यावर नाहीतच. ती चौकीच्या रजिस्टरात चढायची का शाळेच्या, हे आता आपण ठरवायचं.

जयभीम!