नाव एकाचे, चाकरी दुसऱ्याची

विमानाच्या शेपटीवर एका कंपनीचे नाव रंगविलेले असावे आणि ते चालविणाऱ्या वैमानिकाचा पगार मात्र भलत्याच कंपनीच्या तिजोरीतून निघावा, हा व्यवहार अमेरिकेत इतका रुळला आहे की प्रवाशास त्यात काही वावगे वाटेनासे झाले आहे. डेल्टा कंपनीच्या वैमानिकांनी २०२३ साली केलेल्या कराराने त्यांचे वेतन टप्प्याटप्प्याने एकूण ३४ टक्क्यांनी वाढविले. अशा करारांत पगाराचा आकडा तेवढा डोळ्यांत भरतो. परंतु लहान जेट विमाने कोणी चालवावयाची आणि म्हातारपणी पदरात काय पडावयाचे, हे दोन प्रश्नच तेथील वाटाघाटींचा गाभा होत. आमच्या मते हे प्रश्न मुळात एकच आहेत : ज्याच्या नावाने धंदा चालतो त्याने आपला शब्द पाळावयाचा की नाही?

व्यवहाराची रीत अशी. मोठी कंपनी छोट्या गावांकडील उड्डाणे प्रादेशिक कंपन्यांकडे सोपविते. तिकीट मोठीच्या नावाचे, रंग मोठीचा. वेतनश्रेणी मात्र धाकटीची. आपले काम असे निसटून जाऊ नये म्हणून मोठ्या कंपनीचे वैमानिक करारात एक मर्यादा-कलम घालून घेतात. किती आसनांची व किती विमाने बाहेरच्यांनी चालवावीत, हे ते कलम ठरविते. पूर्वी पुष्कळ करारांत ही सीमा ५० आसनांची होती. ती पुढे ७० वर व नंतर ७६ वर गेली. कंपन्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. लहान गावी दीडशे आसनांचे विमान अर्धे रिकामे उडविणे परवडत नाही, आणि सेवाच बंद पडली तर नुकसान त्या गावाचे. पण विमान लहान आहे, एवढ्यावरून ते चालविणाऱ्याचे म्हातारपणही लहान ठरत नाही.

या धाकट्या वैमानिकांनी एकदा मान वर करून पाहिली. डेल्टाच्याच मालकीच्या कॉमएअर या कंपनीच्या वैमानिकांनी २६ मार्च २००१ रोजी संप पुकारला. वेतन, विश्रांती आणि निवृत्तीची तरतूद, या त्यांच्या मागण्या. संप ८९ दिवस चालला व काही लाभ पदरात पाडून मिटला. पुढे २०१२ च्या सप्टेंबरात डेल्टाने कॉमएअरच बंद केली. उड्डाणे दुसऱ्यांकडे वळविता येत असली की संपाचे हत्यार किती बोथट होते, हे यावरून समजावे.

मोठ्या कंपन्यांतील वैमानिकांचे तरी काय झाले? २००१ च्या सप्टेंबरातील दहशतवादी हल्ल्यानंतर धंदा कोसळला. यूएस एअरवेज २००२ साली दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. तिच्या वैमानिकांनी कंपनी तगावी म्हणून वेतनकपात पत्करली, लहान जेट विमानांवरील निर्बंधही सैल केले. आणि २००३ साली त्यांची निवृत्तिवेतन योजनाच संपुष्टात आली. तेलही गेले, तूपही गेले! हडसन नदीवर विमान उतरवून १५५ जीव वाचविणारे कॅप्टन सलेनबर्गर याच कंपनीचे. आपले वेतन ४० टक्क्यांनी कापले गेले व निवृत्तिवेतनही बुडाले, हे त्यांनी २००९ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले. युनायटेडच्या योजना २००५ साली बंद झाल्या तेव्हा त्यांतील तूट सुमारे ९८० कोटी डॉलरची होती. सरकारी हमी महामंडळाने त्यांपैकी सुमारे ६६० कोटींचा भार उचलला. उरलेल्यावर कर्मचाऱ्यांनी पाणी सोडावे, असा त्याचा अर्थ. त्यातही वैमानिकास तेव्हा कायद्याने साठाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागे, आणि महामंडळाची पुरी हमी होती पासष्टाव्या वर्षाची!

निवृत्तिवेतन ही मालकाची कृपा नव्हे. ते आज केलेल्या श्रमाचे उद्या द्यावयाचे वेतन आहे. कंपनी अडचणीत आली की प्रथम त्यावरच कुऱ्हाड पडावी, हा न्याय उफराटा आहे.

तथापि संघटनेच्या पदरीही थोडा दोष घालणे प्राप्त आहे. डेल्टाचे व कॉमएअरचे वैमानिक एकाच संघटनेचे सभासद होते. तरी एकाचे मर्यादा-कलम म्हणजे दुसऱ्याच्या वाढीला कुंपण, असा पेच पडला. प्रकरण इतके चिघळले की काही प्रादेशिक वैमानिकांनी आपल्याच संघटनेवर दावा गुदरला. थोरल्यांनी धाकट्यांना कुंपणाबाहेर ठेवून स्वतःचे घर राखू पाहावे, ही दूरदृष्टी नव्हे. ज्याचे श्रम स्वस्त मिळतात तोच उद्या थोरल्याची जागा घेण्यास उभा केला जातो.

प्रवाशाने हे भांडण परके मानू नये. २००९ च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ कॉल्गन कंपनीचे विमान कोसळून ५० माणसे मेली. प्रवाशांची तिकिटे काँटिनेंटलच्या नावाची होती. पगार कमी म्हणून विमान पडले असे आम्ही म्हणत नाही. चौकशीत दोष कॅप्टनच्या हाताळणीवर ठेवला गेला. परंतु प्रादेशिक वैमानिकांचे तुटपुंजे वेतन आणि अपुरी विश्रांती त्याच चौकशीत चव्हाट्यावर आली.

मुंबईकरांस तर दूरचे उदाहरण नकोच. जेट एअरवेजची विमाने २०१९ च्या एप्रिलात जमिनीवर आली. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. मधली वर्षे तिचे कर्मचारी आपल्याच घामाच्या पैशासाठी दारे ठोठावीत राहिले.

अमेरिकेत आता ठरावीक निवृत्तिवेतनाऐवजी वैमानिकाच्या स्वतंत्र खात्यात रक्कम भरण्याची पद्धत बहुतेक रूढ झाली आहे. कंपनी बुडाली तरी ते खाते बुडत नाही, हा तिचा गुण. बाजार पडला तर तोटा वैमानिकाचा, हे तिचे वैगुण्य. म्हणून ही रक्कम भरघोस असली पाहिजे, आणि ज्या नावाने तिकीट विकले जाते त्या नावाखाली उडणाऱ्या प्रत्येक वैमानिकास ती मिळाली पाहिजे. नावाचा नफा घ्यावयाचा असेल, तर नावाची जबाबदारीही घेतली पाहिजे.