विकलेले मुद्दल आणि लिहिलेले उत्पन्न

अर्थसंकल्पाचे दिवस आले म्हणजे वित्तमंत्री महसुलाच्या वाढीचे आकडे ज्या समाधानाने सभागृहापुढे ठेवतात, त्या समाधानात सहभागी होणे सरकारी जमाखर्चाची चिकित्सा करणाऱ्या या सदराला कठीण जाते. कारण त्या आकड्यांत श्रमाने मिळविलेले किती आणि भूमीच्या उदरातून उपसून विकलेले किती, याचा निवाडा त्या कागदांवरून होत नाही. वडिलोपार्जित शेत तुकड्यातुकड्याने विकून आलेली रक्कम जो गृहस्थ दरसाल पिकाचे उत्पन्न म्हणून वहीत मांडील, त्याला आपण व्यवहारशून्य म्हणू. शासनाच्या दफ्तरात मात्र तीच मांडणी विनातक्रार मंजूर होते.

गोमंतकातील लोहखनिजाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. पोर्तुगीज अमदानीतील सवलतींवर उभा राहिलेला हा धंदा मुक्तीनंतर विस्तारला, 1987 च्या कायद्याने त्या सवलतींचे खाणपट्टे झाले, आणि चीनची मागणी वाढल्यावर 2010-11 च्या सुमारास वर्षाला 5 कोटी टनांच्या घरात खनिज परदेशी जाऊ लागले. एका टन खनिजासाठी दोन-तीन टन माती उकरावी लागते. तिचे ढीग पावसात वाहून भातशेतांत उतरले, आणि जेथे खाणी भूजलपातळीच्या खाली गेल्या तेथे पाणी सतत उपसावे लागून, लईराईच्या जत्रेसाठी ख्यात असलेल्या शिरगावासारख्या गावांतील विहिरी आटल्या. खनिजाचे स्वामित्वधन तेवढे खजिन्यात जमा झाले; आटलेली विहीर कोणाच्याच खात्यावर नावे पडली नाही.

उत्पन्न कशाला म्हणावे, याचा दंडक जॉन हिक्स यांनी 1939 मध्येच घालून दिला होता: वर्षाअखेरीस आपली स्थिती वर्षारंभीच्या स्थितीहून खालावू न देता जेवढे खर्च करता येईल, तेवढेच उत्पन्न. हर्मन डेली यांच्यासारख्या पारिस्थितिक अर्थशास्त्रज्ञांनी हा दंडक निसर्गाच्या ठेव्याला लावला. अर्थव्यवस्था ही मर्यादित जीवसृष्टीच्या अंतर्गत वावरणारी एक उपव्यवस्था आहे, हे एकदा मान्य केले की खनिजाचा साठा घटणे म्हणजे भांडवल घटणे, हे ओघानेच येते. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांची उभारणी करणाऱ्या जे. सी. कुमारप्पा यांनीही 1945 च्या आपल्या ग्रंथात, वापराने संपणारी संपत्ती आणि निसर्गचक्रातून पुन्हा भरून येणारी संपत्ती यांतील भेदावरच स्थायी अर्थव्यवस्थेचा पाया रचला होता.

21 एप्रिल 2014 रोजी गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हा विचार अंशतः स्वीकारला. खाणपट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती, असे ठरवून न्यायालयाने उत्खननावर तूर्त वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली, आणि विक्रीच्या रकमेपैकी 10 टक्के रक्कम शाश्वत विकासासाठी व भावी पिढ्यांच्या न्याय्य हिश्शासाठी एका कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. तत्त्व योग्य, परंतु प्रमाण अपुरे. कारण मुद्दलाचा दशांश राखून ठेवला म्हणजे मुद्दल राखले असे होत नाही. खाणी थांबल्यावर ट्रकमालक, बार्जवाले आणि कामगार यांची झालेली ओढाताण या विचाराविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केली जाते. ती ओढाताण खरी होती. पण पूर्वीच्या सुबत्तेतून त्यांच्या पडत्या काळासाठी काहीच राखून ठेवलेले नव्हते, हेच तीतून सिद्ध होते.

नॉर्वेने 1990 मध्ये तेलाच्या पैशासाठी कायद्याने निधी उभारला आणि पुढे त्याच्या अपेक्षित परताव्याएवढाच खर्च करण्याचा नियम पत्करला. खनिजाच्या बदल्यात द्रव्य ठेवणे येथवर शक्य आहे. परंतु डोंगराच्या पोटात पावसाचे पाणी मुरविणारे जे थर खाणीने कापले जातात, त्यांची जागा कोणतेही कर्जरोखे घेऊ शकत नाहीत. म्हणून खनिजाचे मोल भांडवली जमेच्या सदराखाली पूर्णपणे राखावे आणि त्याचा परतावा तेवढा खर्चाला घ्यावा, हे पहिले कलम. आणि जेथे भूजलाला धक्का पोहोचेल तेथे पट्टाच देऊ नये, मग निधी कितीही भरो, हे दुसरे. ही दोन कलमे जो वित्तमंत्री अमलात आणील, त्याची महसुली जमा पहिल्या वर्षी घटलेली दिसेल. मात्र ती घट खरी असेल, आजवर दाखविलेली वाढ तशी नव्हती.