आमचे मत एकेकट्याचे मोजा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा निवडणूक अधिकारी, सातारा, मा. मतदार नोंदणी अधिकारी, कराड उत्तर, मा. पोलीस अधीक्षक, सातारा. आणि या भागात उमेदवार देणारे सर्व राजकीय पक्ष.

विषय : मतदार यादी, प्रचारातील द्वेष आणि ग्रामसभेतील सहभाग यांबाबत उंब्रज व परिसरातील मुस्लिम रहिवाशांच्या संघटनेचे मागणीपत्र.

महोदय,

1909 साली इंग्रज सरकारने मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ आणले. स्वतंत्र भारताच्या घटनेने ती व्यवस्था मोडीत काढली. कलम 325 प्रमाणे प्रत्येक मतदारसंघाची यादी एकच असते आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कुणालाही तिच्यातून वगळता येत नाही. त्या यादीत मुलाण्यांचे नाव पाटलांच्या आणि सुतारांच्या नावांशेजारीच छापले जाते. आमच्या सगळ्या मागण्या या कलमातून निघतात. यादी एक आहे, तर आम्हाला गठ्ठा समजण्याचा अधिकार कुणालाच नाही. आमचे मत खिशात आहे असे मानणाऱ्या पक्षालाही नाही आणि त्या मताची इतरांना भीती घालणाऱ्या पक्षालाही नाही.

2024 च्या निवडणुकांत ‘व्होट जिहाद’ हा शब्द राज्यातील मोठ्या नेत्यांच्या भाषणांत वाजला. सातारा जिल्ह्यात आम्ही लोकसंख्येच्या पाच टक्क्यांच्या आसपास. त्याच वर्षी राज्यातून लोकसभेवर 48 खासदार गेले, त्यांत मुस्लिम एकही नव्हता. विधानसभेच्या 288 आमदारांत दहा आहेत. एवढ्या थोड्यांनी रांगेत उभे राहून मत दिले, तर त्याला युद्धाचे नाव कशासाठी? सकाळी हातगाडी लावून दुपारी मतदानाला जाणाऱ्या बागवानाला तो शब्द ऐकून काय वाटत असेल, याचा विचार बोलणाऱ्यांनी करावा.

गठ्ठा समजण्याची सर्वांत भयंकर किंमत आमच्याच जिल्ह्याने पाहिली आहे. 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री खटाव तालुक्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त झाले. जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. मजकूर आक्षेपार्ह असेल तर तो टाकणाऱ्याला कायद्याने शोधावे. मशिदीत असलेल्यांचा त्यात काय दोष? त्या रात्रीनंतर कित्येक घरांत मुलांना एकच सांगणे सुरू झाले : कशात पडू नका, सभेला जाऊ नका, मोबाइलवर काही लिहू नका. भीतीने गप्प बसलेला माणूस मतदानाच्या दिवशी बाहेर पडला, तरी तो मोकळेपणाने मत देतो असे आम्ही मानत नाही.

म्हणून पोलीस अधीक्षकांकडे पहिली मागणी. द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 28 एप्रिल 2023 पासून सर्व राज्यांना लागू आहे. जमावाच्या हिंसेला आळा घालण्यासाठी जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमण्याचे निर्देश तर 2018 चे आहेत. त्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक उंब्रज पोलीस ठाण्याच्या फलकावर ठळक लावावा. प्रचारसभांचे आणि मोर्चांचे चित्रीकरण व्हावे. धर्माच्या आधारे वैर पसरवून मते मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. तो कुठल्याही धर्माच्या वक्त्याने केला, तरी कारवाई सारखीच हवी.

मतदार यादीबाबत आम्हाला सविस्तर सांगायचे आहे. मुलाणी, मुल्ला, आतार, अत्तार, शिकलगार, शिकलकार : एकाच घरातील भावांची आडनावे यादीत वेगवेगळी छापली जातात. मराठीचे इंग्रजी आणि इंग्रजीचे पुन्हा मराठी होताना नावे बदलतात. बायकांचे हाल अधिक. मतदार कार्ड माहेरच्या नावाचे, आधार सासरच्या नावाचे, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. अशी बाई ‘संशयास्पद’ ठरायला वेळ लागत नाही. 2025 मध्ये बिहारच्या विशेष फेरतपासणीत प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावे गेली. ती कारणांसह जाहीर करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. आपल्या राज्यात अशी तपासणी करताना वगळलेल्या प्रत्येक नावासमोर कारण लिहून ती यादी ग्रामपंचायतीत व मतदान केंद्रावर आधीच लावावी. केवळ शुद्धलेखनाच्या फरकामुळे कुणालाही वगळू नये. नाव कमी करण्यासाठी नमुना 7 आला, तर हरकत घेणाऱ्याचे नाव मतदाराला कळवावे आणि सुनावणीशिवाय निर्णय करू नये. खोट्या निवेदनाला 1950 च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद आहे. ती तरतूद वापरलेली दिसू द्या. नाव व पत्ता दुरुस्तीच्या नमुना 8 साठी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने महिलांसाठी वेगळे शिबिर घ्यावे, तेही ऊसतोडीला आणि मुंबई-पुण्याला गेलेली माणसे सणासुदीला गावी येतात तेव्हा.

उमेदवारीचेही बोलले पाहिजे. बागवान, तांबोळी, मुलाणी यांसारख्या घरांना इतर मागासवर्गाच्या जागेवर उभे राहता येते, पण जुन्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते आणि 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. अर्ज भरायच्या आठवड्यात हे कागद मिळत नाहीत. महसुली अभिलेखांतील नोंदी शोधून देण्यासाठी तहसील कार्यालयाने वर्षभर मदत कक्ष चालवावा.

ग्रामसभेत कुणाच्या व्यापारावर बंदीचा ठराव येऊ देऊ नये. 2025 मध्ये पाथर्डी तालुक्यातील मढीला यात्रेत मुस्लिम दुकानदारांना बंदीचा ठराव झाला आणि गटविकास अधिकाऱ्यांनी तो रद्द केला. आमच्या गटविकास अधिकाऱ्यांनी असा ठराव बेकायदेशीर ठरेल हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आधीच लेखी कळवावे. वाळवा तालुक्यातील गोटखिंडीत 1980 पासून मशिदीत गणपती बसतो. कडेगावच्या उंच ताबुतांना हिंदूंचे खांदे लागतात. या भागाची रीत ही आहे, आणि ती सांभाळणाऱ्यांना प्रशासनाची साथ हवी.

पक्षांना एवढेच सांगतो : मोहल्ल्यातल्या दोन वजनदार माणसांशी बोलून समाजाचा ‘पाठिंबा’ जाहीर करू नका. आमच्या संघटनेनेही ठरवले आहे की आम्ही कुठल्याही उमेदवाराला मत द्या असे सांगणार नाही, मशिदीतून तसे आवाहन होऊ देणार नाही. रस्ता, पाणी, शाळा, ऊसदर यांवर प्रश्न विचारायला मात्र प्रत्येक उमेदवाराला बोलावू आणि बायका पुढे बसतील. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलामुलीचा नमुना 6 भरून घेण्याचे कामही आमचे.

यादी आणि दाखल्यांबाबतच्या मागण्यांवर येत्या ग्रामसभेपूर्वी लेखी उत्तर मिळावे. ते आम्ही ग्रामसभेत सर्वांसमोर वाचून दाखवू.

आपले,
उंब्रज व परिसरातील मुस्लिम रहिवाशांच्या संघटनेचे पदाधिकारी व सभासद