घरातली जुनी पासबुकं आज बाहेर काढा

कपाटातली सगळी पासबुकं एकत्र करा. तुमची, आईवडिलांची, लग्नाआधी माहेरी उघडलेल्या खात्याचंसुद्धा. शेवटचे पैसे कधी भरले, कधी काढले, ते बघा.

बचत खात्यात खातेदारानं दोन वर्षांहून जास्त काळ काहीच व्यवहार केला नाही, तर बँक ते खातं निष्क्रिय ठरवते. बँकेनं जमा केलेलं व्याज हा तुमचा व्यवहार धरत नाहीत. म्हणून पासबुकात नोंदी दिसल्या तरी निर्धास्त राहू नका.

पैसे बुडत नाहीत. व्याजही मिळत राहतं. पण दवाखान्यात पैसे भरायची वेळ येते आणि नेमके तेव्हाच ते निघत नाहीत. आजारी माणसाला बँकेत नेऊन सह्या करवणं किती जड जातं, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. म्हणून खातं पुन्हा सुरू करण्याचं काम सगळे धडधाकट आहेत तोवर उरका.

आधार, पॅन आणि फोटो घेऊन शाखेत जा. केवायसी आणि खातं सुरू करण्याचा अर्ज द्या. त्यासाठी गावी जायची गरज नाही, त्याच बँकेची जवळची शाखा चालते. पोच मागून घ्या. १ एप्रिल २०२४ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे खातं पुन्हा सुरू करायला एक रुपयाही लागत नाही. निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही. कुणी पैसे मागितले तर शांतपणे हा नियम सांगा. खातं सुरू झालं की थोडे पैसे भरा आणि वारसाचं नाव लावलंय का, तेही तिथंच विचारा.

दहा वर्षं हात न लावलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरी तुमचा हक्क जात नाही. खातेदार हयात नसेल तर वारसांना ती मागता येते. रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नाव टाकून शोधा. तिथं सापडलं नाही, तर बँकेत जाऊन विचारा. पैसे शेवटी बँकेकडूनच मिळतात.

‘खातं बंद होतंय, ओटीपी सांगा,’ असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. चुकून सांगितला गेलाच, तर घरच्यांच्या भीतीनं गप्प बसू नका. त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेलाही कळवा.