सर्दीला ‘ए’, मलेरियाला काहीच नाही

इंग्रजीत सर्दीला आणि डोकेदुखीला ‘ए’ हे उपपद लागते. मलेरिया, मधुमेह, कर्करोग मात्र बिनउपपदाचे. फ्लूला बहुधा ‘द’, पण त्याच आजाराला इन्फ्लुएन्झा म्हटले की तो गळतो. गोवरापुढचा ‘द’ आज ऐच्छिक. दातदुखीचे तर विचारूच नका: अमेरिकेत ‘ए’ हवाच, ब्रिटनमध्ये नसला तरी चालतो. तरीही ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये सहसा एकच उत्तर बरोबर धरतात. मराठीत उपपदेच नसल्याने आपल्या मुलांना अंदाजाचाही आधार उरत नाही.

नियम अगदीच नाही असे नाही. हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक ही घटना, मोजता येते, म्हणून ‘ए’. मधुमेह ही अवस्था, म्हणून काही नाही. पण दातदुखी ही अवस्था की घटना, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांचेच एकमत नाही. मग उत्तरपत्रिका तपासायच्या कशा, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. जिथे दोन्ही देशांचा वापर एकच आहे, तेवढेच परीक्षेत विचारावे. वर्गात ‘हॅव ए कोल्ड’सारखे अख्खे तुकडे वाक्यांतून कानावर पडू द्यावेत, व्याख्या पाठ करण्यापेक्षा ते लवकर रुजतात. दातदुखीवर मात्र कुणाचा गुण कापू नये.