क्लबला कुलूप, भुर्दंड सगळ्यांना

लंडनमधला यूथ क्लब ही शाळा सुटल्यापासून घरी परतेपर्यंतच्या वेळेची सोय आहे. टेबल टेनिसचे टेबल, चहा-बिस्किटे आणि मुलांना नावानिशी ओळखणारा युवा कार्यकर्ता, एवढेच त्याचे भांडवल. हा कार्यकर्ता शिक्षक नसतो आणि पोलीसही नसतो, म्हणून घरी न सांगितलेले मुले त्याच्यापाशी बोलतात. कोण कुणाच्या नादी लागले आहे, याचा सुगावा त्याला आधी लागतो. तरीही पोरांच्या उपद्रवाची बातमी आली की मागणी होते ती जादा पोलिसांची आणि कॅमेऱ्यांची. कॅमेरा मात्र घडून गेलेलेच दाखवतो.

2010 ते 2019 या काटकसरीच्या काळात लंडनमधले सुमारे 30 टक्के क्लब बंद पडले. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजच्या 2024 च्या अभ्यासाने जवळचा क्लब गमावलेली मुले आणि क्लब चालू राहिलेली मुले यांची तुलना केली. शहर एकच, काळही एकच. क्लब गमावलेल्या मुलांच्या हातून गुन्हा घडण्याची शक्यता 14 टक्क्यांनी वाढली. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेतले गुणही घसरले आणि त्याची सर्वाधिक झळ शाळेत मोफत जेवण घेणाऱ्या गरीब मुलांना बसली. बऱ्या घरच्या मुलाला शिकवणी असते, पोहण्याचा तलाव असतो. या मुलांना चौकच उरतो.

वाचवलेल्या दर पौंडामागे समाजाला सुमारे तीन पौंड मोजावे लागले. बचत स्थानिक परिषदेच्या वहीत दिसली, खर्च मात्र पोलीस आणि न्यायालयांच्या वहीत गेला. युवा सेवा देणे हे परिषदांचे कायद्याने कर्तव्य आहे, पण ‘शक्य असेल तितपत’. त्यामुळे पहिली कात्री तिथेच लागते.

1998 च्या कायद्याने आणलेल्या ‘ॲस्बो’ या मनाई हुकमांचा अनुभवही जमेस धरायला हवा. निम्म्याहून अधिक हुकूम मोडले गेले आणि 2014 च्या कायद्याने ते मोडीत निघाले. या जागी यायचे नाही, एवढे हुकूम सांगे. मग जायचे कुठे, याचे उत्तर त्यात नव्हते.

क्लबची इमारत पुन्हा उघडता येते. पांगलेले अनुभवी कार्यकर्ते मात्र वर्षभराच्या अनुदानावर परत येत नाहीत. त्यांच्या पगाराची तरतूद किमान पाच वर्षांसाठी बांधून द्यायला हवी.