आर्म बदलायचाय? आधी गाडीखाली वाका

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर सफारीची रांग लागली की एकदा जिप्सीच्या पुढच्या चाकामागे वाकून बघा. ज्या 'कंट्रोल आर्म'ची रील्स तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर फिरताहेत, तो तिथे नाहीच. मारुती जिप्सीला पुढेही सरळ अॅक्सल आणि पाटे, मागेही तेच. या जंगलातले रस्ते तिने वर्षानुवर्षं त्याच पाट्यांवर काढले.

तरीही एमएच ३४ असो की एमएच ३३, घरात पिकअप किंवा थार आली की पहिली चर्चा असते, "भाऊ, दोन इंच लिफ्ट करू आणि बाहेरचे अप्पर आर्म टाकू." लोडच्या कित्येक पिकअपांना पुढेही पाटेच असतात, म्हणजे तिथे हा विषयच निकालात निघतो. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स, २०२० नंतरची थार या गाड्यांना मात्र पुढे डबल विशबोन आहे. प्रत्येक चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म, मध्ये चाकाचा नकल आणि त्याला धरणारे बॉल जॉइंट.

आता जे रीलमध्ये कुणी सांगत नाही ते. बाहेरचा अप्पर आर्म गाडी उंच करत नाही, लोडची ताकदही वाढवत नाही. उंची येते स्प्रिंग आणि शॉकअपमधून. गाडी उचलली की दोन्ही आर्म खाली झुकतात, वरचा बॉल जॉइंट त्याच्या टोकाच्या कोनात जातो, चाक पूर्ण खाली लटकलं की आर्म स्प्रिंगला घासू शकतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे स्टिअरिंग आपोआप सरळ आणणारा कोन. तो कमी झाला की नागपूर हायवेला गाडी हातात तरंगल्यासारखी वाटते. बाहेरच्या आर्ममध्ये बॉल जॉइंट वेगळ्या कोनात बसवलेला असतो, आणि चाकाचा वरचा भाग किंचित मागे घेतलेला असतो. म्हणजे लिफ्टने जे बिघडलं, ते तो बऱ्याच अंशी दुरुस्त करतो. लिफ्टच केली नसेल तर पैसे बहुतेक दिसण्यावर गेले. वर रबरी बुशऐवजी धातूचे गोल जॉइंट असलेले आर्म घेतले, तर आपल्या मुरमाच्या धुळीत ते लवकर आवाज करायला लागतात.

ज्याला खरंच गरज आहे, त्याची गोष्ट वेगळी. आलापल्लीहून भामरागडकडे माल नेणारा पोरगा घ्या. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की भामरागड तुटतं, आणि रस्ता सुरू झाला की किराणा, औषधं, खत घेऊन सगळ्यात आधी निघतात ते पिकअपवालेच. एटापल्ली-आष्टी पट्ट्यात तर लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्त्याचं काय केलंय ते पाहिलंच असेल. त्या खड्ड्यात आदळून बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं होतं आणि गाडी जागच्या जागी बसते. वेगात असेल तर बसतही नाही, उलटते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला, बाहेरचे सुटे भाग बसवणंही त्यात धरून, पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. दुकानदार म्हणेल, "आरसीवर आर्म थोडाच लिहिलेला असतो?" खरंय, नसतो. पण अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकणार आहे, दुकानदार नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. सीएनजी किट बघा. तेही बाहेरूनच बसवतात. पण मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त फिटर आणि आरटीओत आरसीवर नोंद, असा सरळ रस्ता त्याला आहे. जर्मनीत तर सस्पेन्शनचे भागही तपासून गाडीच्या कागदावर चढवता येतात. आपल्याकडे पुण्यात एआरएआयसारखी चाचणी संस्था असताना आर्म आणि लिफ्ट किटला तसाच मार्ग का नसावा? आज चांगल्या पोलादाचा आर्म आणि कुठल्यातरी शेडमध्ये वेल्डिंग मारलेला आर्म, कायद्याच्या नजरेत दोन्ही सारखेच बेकायदा. मग घेणारा स्वस्तातलाच घेतो. रीलवाल्याला थांबवायला केलेला नियम भामरागडच्या पोराला वेल्डिंगवाल्याच्या दारात उभा करतो, हे बदलायला हवं. आणि रस्ता? रस्त्याचं काम आपण शॉकअपवर ढकलून गप्प बसलो तर कुणी विचारणारही नाही.

तोवर एक काम फुकटात होतं. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, जॅक थेट पुढच्या लोअर आर्मखाली. चाक जमिनीपासून जरासं उचला, वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. हाताला खटका लागला तर मित्राला आत डोकावून बघायला सांगा: खेळ बॉल जॉइंटमध्ये आहे की चाकाच्या बेअरिंगमध्ये. टायर एकाच कडेला घासत असेल, ब्रेकरवर 'कट' असा आवाज येत असेल, तर खराब झालेला बुश किंवा जॉइंट कंपनीचा टाका आणि अलाइनमेंट करून घ्या. गॅरेजवाला म्हणाला, "नवीन आर्मच टाकू ना," तर काढलेला जुना भाग हातात मागा आणि स्वतः हलवून बघा.